शिल्पकार नानासाहेब करमरकर आणि पोकळ ब्राँझचा घोडा

शिवाजी महाराजांचे अश्वारूढ पुतळे आपण ठिकठिकाणी पाहतो. हा पुतळा आतून भरीव असतो की पोकळ, असं मुलं विचारतात आणि एवढा मोठा म्हणजे भरीवच असणार, असं सांगून मोठी माणसं मोकळी होतात. खरं तर तो पोकळ असतो. या प्रश्नाच्या निमित्ताने पुण्याचा प्रसिद्ध शिवपुतळा घडवणारे विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांची ओळख सभासदांना, विशेषतः मुलांना, करून द्यावी असं आम्हाला वाटलं.

नानासाहेबांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ चा, अलिबागजवळच्या सासवणे या गावचा. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याची रीत होती. शाडूची मूर्ती जाड, भरीव केली तर बाहेरची माती आधी वाळून आकसते, आतली ओली राहते आणि मूर्तीला भेग पडते. साच्यातल्या मोठ्या मूर्ती आतून पोकळ ठेवतात त्या केवळ उचलायला हलक्या व्हाव्यात म्हणून नव्हे. पुढे आयुष्यात हीच अडचण त्यांच्यासमोर वितळलेल्या धातूच्या रूपात उभी राहणार होती.

गावातल्या देवळाच्या भिंतीवर लहानग्या विनायकाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्याची वाट मोकळी करून दिली. तिथून पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या सांगण्यावरून नानासाहेब कलकत्त्याला गेले, तिथे काम केलं, मग १९२० मध्ये लंडन गाठून रॉयल अकॅडमीत शिकले. परतल्यावर काही काळाने ते मुंबईत आले.

आता त्या घोड्याकडे येऊ. पुण्यात महाराजांचं स्मारक व्हावं ही कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. नोव्हेंबर १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज गेले. काम पुढे नेलं राजाराम महाराजांनी, आणि पुतळा करण्याची जबाबदारी आली करमरकरांवर. उंची साधारण साडेतेरा फूट. एवढा मोठा पुतळा सहसा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडतात. करमरकरांचा पुतळा मात्र मुंबईत माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला.

यातली जोखीम समजायला ओतकाम कसं चालतं ते पाहावं लागतं. बाहेर साचा असतो आणि आत त्याच आकाराचा, थोडा लहान गाभा. दोघांच्या मधल्या फटीत रस ओततात. ती फट म्हणजेच पुतळ्याची जाडी. गाभा जागेवर राहावा म्हणून त्याला खिळ्यांचा आधार देतात. गाभा जरा सरकला की एका बाजूला कातडी जाड आणि दुसरीकडे भोक. गाभ्यात ओल राहिली तर वाफ होते, ती बाहेर पडायला वाट नसेल तर रस उसळतो. तुकड्यांत काम असलं तर बिघडलेला तुकडा पुन्हा ओतता येतो. एकसंध ओतकामात सगळा पुतळाच पणाला लागतो, महिनोन्महिन्यांची मेहनत काही मिनिटांच्या ओतण्यावर अवलंबून.

मग भरीवच का ओतू नये? गाभ्याची कटकटच नाही! पण मातीचं जे होतं तेच धातूचं. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला रस नंतर गोठताना आकसतो, आणि पोटात पोकळ्या पडतात किंवा तडे जातात. म्हणून जाडी बेताची आणि होईल तितकी सारखी ठेवावी लागते. दुसरं कारण वजनाचं. माणसाचं शरीर साधारण पाण्याइतकं जड, तर ब्राँझ पाण्याच्या पावणेनऊ पट. ६० किलोच्या माणसाएवढा भरीव पुतळा सव्वापाच क्विंटल भरेल. तोच सहा-सात मिलिमीटर जाडीचा पोकळ केला तर १०० किलोच्या आतबाहेर. उंची दुप्पट केली तर भरीव पुतळा आठपट जड होऊन ४२ क्विंटलवर जातो. पोकळ मात्र, जाडी तीच ठेवली तर, चौपटच. (मोठ्या पुतळ्याची जाडी थोडी वाढवावी लागते, ही गोष्ट वेगळी.) ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि थोडं कथील. तांब्याची खाण आपल्याच जिल्ह्यात मलाजखंडला आहे. ते तांबं जमिनीतून काढायला किती दगड फोडावा लागतो हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

पोकळ म्हणजे कमजोर, ही समजूतही तपासून पाहावी. दांडा वाकतो तेव्हा ताण येतो तो बाहेरच्या थरांवर. मधला भाग जवळजवळ रिकामा बसून असतो. बाहेरून सारख्याच जाडीचे दोन दांडे घ्या आणि एकाला निम्म्या व्यासाचं भोक पाडा. चौथा हिस्सा धातू वाचला, पण वाकण्याविरुद्धचा जोर कमी झाला फक्त सोळावा हिस्सा. म्हणून सायकलची चौकट नळ्यांची असते. अर्थात पोकळ नेहमीच सरस असंही नाही. नळीची भिंत फार पातळ झाली तर ती चेपते. आपल्या जंगलातला मानवेल बांबू कोरड्या, खडकाळ जागी जवळजवळ भरीव वाढतो आणि लाठीला लोक तोच निवडतात, कारण लाठीला मार सोसायचा असतो.

संगमरवरी घोड्याचं याउलट. दगड भरीव, दाबाखाली पक्का, पण ताण आला की तुटणारा. त्यामुळे जुन्या युरोपीय संगमरवरी घोड्यांच्या पोटाखाली दगडाचा टेकू ठेवलेला दिसतो. ब्राँझचा घोडा असा टेकू न घेता आपल्याच पायांवर उभा राहतो, कारण त्याचं पोट पोकळ आणि धातू चिवट.

१६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. भांबुर्ड्यातली ती जागा, आजचं शिवाजीनगर. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

एवढ्या एका कामाने नाव झालं, पण आम्हाला त्यांची साधी कामं जास्त जवळची वाटतात. ‘मत्स्यगंधा’सारखं कोळीजीवनातलं शिल्प असो की गावातली माणसं आणि जनावरं, कोकणातलं रोजचं आयुष्य त्यांनी मन लावून घडवलं. मोठ्यांचे पुतळे पोटासाठी अनेक शिल्पकार करतात. म्हशीकडे इतक्या आदराने पाहणारे थोडे. त्यांना पद्मश्री मिळाली. १३ जून १९६७ रोजी ते गेले.

सासवण्याचं त्यांचं घर आता शिल्पालय आहे. आपल्यापैकी कुणी गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जात असेल, तर गेटवेवरून मांडव्याची बोट घ्यावी. मांडव्यापासून सासवणे जवळच आहे.