बिनतारी दीपस्तंभ आणि मार्कोनी

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सरकारी परवाना घेऊन हौशी बिनतारी केंद्र चालवितात. मागील सुट्टींत आम्ही त्यांच्या घरीं गेलों असतां त्यांनीं टेबलावरील एक लहानशी पेटी आमच्यापुढें ठेविली. दोन-तीन काड्यापेट्या मावतील एवढीच ती. सुटे भाग मागवून त्यांनीं ती स्वतः जुळविली होती. आंत गारेचा स्फटिक, एक-दोन ट्रान्झिस्टर, कड्यांवर तांब्याची तार गुंडाळून केलेलीं वेटोळीं, आणि खिडकींतून बाहेर आंब्याच्या फांदीपर्यंत ताणलेली एक तार. शक्ति म्हणाल तर एका वॅटचा पांचवा हिस्सा. सायकलच्या दिव्यासही याहून अधिक वीज लागते. ही पेटी कांहीं मिनिटांच्या अंतरानें आपलें संकेतनाम, आपलें ठिकाण आणि आपली शक्ति एवढेंच सांगते व पुन्हां गप्प बसते. एवढ्या मजकुरास जवळजवळ दोन मिनिटें लागतात. कारण शब्द जितका मंद गतीनें उच्चारावा तितका तो गोंगाटांतून वेंचून काढणें दूरच्या गणकयंत्रास सोपें जातें. आदल्या रात्रीं या पेटीचा आवाज ऑस्ट्रेलियांत ऐकूं गेल्याची नोंद पाहून आम्ही चकित झालों.

पालकांपैकीं कोणी विचारतील कीं, याचा उपयोग काय? किनाऱ्यावरील दीपस्तंभही खलाशाशीं संभाषण करीत नाहीं. आपण कोठें उभे आहों एवढेंच तो कळवितो. ही पेटी तशीच आहे. तिचा आवाज आज कोठें पोंचला आणि कोठें नाहीं, यावरून आकाशांतील वरच्या थरांची स्थिति कळते. परवान्यावांचून मात्र अशी पेटी चालविणें गुन्हा आहे, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

ती पेटी पाहून आम्हांस मार्कोनीचें स्मरण झालें. पाठ्यपुस्तकांत त्याच्यासंबंधीं एखादें वाक्य असतें, तें सर्वांस पाठ असतें. परंतु अल्पशक्तीच्या पेटीपासून निघालेला हा मनुष्य प्रचंड यंत्रांच्या मागें लागला, वीस वर्षें त्याच वाटेनें गेला, आणि अखेर मागें फिरला, हा भाग क्वचितच सांगितला जातो.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजीं इटलींतील बोलोन्या शहरीं झाला. बाप जुझेप्पे हा जमीनदार. आई ॲनी जेमिसन ही आयर्लंडांतील एका सधन व्यापारी घराण्यांतली. विद्यापीठांत त्याला रीतसर प्रवेश मिळाला नाहीं. मात्र तेथील प्राध्यापक रीगी यांनीं आपल्या प्रयोगशाळेंत येण्याची मोकळीक त्याला दिली. विजेच्या ठिणगीपासून अदृश्य लहरी निघतात हें सिद्ध करणारा जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ १८९४ च्या प्रारंभीं वारला. त्याच्यावरील रीगी यांचा मृत्युलेख मार्कोनीच्या वाचनांत आला, आणि या लहरींच्या द्वारें संदेश कां पाठवूं नये, या एकाच विचारानें वीस वर्षांच्या त्या तरुणास झपाटलें.

बोलोन्याजवळ पोंतेक्यो या गांवीं त्यांचा वाडा होता. त्याच्या माळ्यावर एके काळीं आजोबा रेशमाच्या किड्यांचीं ताटें ठेवीत. ती जागा आईनें मुलास दिली. बापास हा सारा उद्योग म्हणजे वेळेचा व पैशाचा नाश वाटे. आणि खरें सांगावयाचें तर आमच्यासारख्या बापांसही तसेंच वाटलें असतें. एके रात्रीं मुलानें आईस झोपेंतून उठवून वर नेलें. खोलीच्या एका टोकास त्यानें कळ दाबली, आणि मध्यें कसलीही तार नसतां दुसऱ्या टोकाची घंटा वाजली. लहर पकडण्याचें साधन म्हणजे कांचेची एक बारीक नळी. तिच्यांत धातूचा कीस. लहर आली कीं कीस एकमेकांस चिकटे व त्यांतून वीज वाहूं लागे; एका लहानशा हातोडीनें नळीस टिचकी मारली कीं तो पुन्हां सुटा होई. ही नळी मार्कोनीची नव्हे. फ्रान्सचा ब्रान्ली आणि इंग्लंडचा लॉज यांनीं ती आधींच वापरली होती. मार्कोनीनें कीस बदलून, नळी निमुळती करून, ती अधिक भरंवशाची केली. त्याची स्वतःची मोठी युक्ति निराळी होती. यंत्राचें एक टोंक त्यानें जमिनींत पुरलें व दुसरें उंच खांबावर चढविलें. त्याबरोबर अंतर एकदम वाढलें.

१८९५ सालीं त्याचा वडील भाऊ आल्फोन्सो ग्रहणयंत्र घेऊन घरामागील टेकडीच्या पलीकडे गेला. इतके दिवस संदेश मिळाल्याची खूण तो रुमाल हालवून करी. आतां टेकडी आड आल्यामुळें त्यानें बरोबर बंदूक नेली. मार्कोनीनें कळ दाबली, आणि थोड्याच वेळांत दरींतून बार ऐकूं आला. टेकडी लहरींस अडवूं शकली नव्हती.

पुढील वर्षीं आई त्याला घेऊन लंडनला गेली. तेथील डाकखात्याचा मुख्य इंजिनियर प्रीस यानें त्याला आश्रय दिला. २ जून १८९६ रोजीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. १८९७ च्या मे महिन्यांत ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश पार झाला. त्याच वर्षीं कंपनी निघाली. १८९९ सालीं इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्र ओलांडला गेला.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बिनतारी विद्येचा जनक एकटा मार्कोनी, असें म्हणणें अन्यायाचें होईल. रशियांत पोपोव्ह, इंग्लंडांत लॉज, अमेरिकेंत टेस्ला हे याच क्षेत्रांत काम करीत होते. आणि कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं भिंतीपलीकडील घंटा वाजवून व दारू उडवून दाखविली होती. आपल्या शोधांचें दुकान मांडणें बोसांच्या वृत्तींत बसत नव्हतें. त्यांनीं १८९९ मध्यें पाऱ्याच्या ग्रहणनळीचें वर्णन प्रसिद्ध केलें. दोन वर्षांनीं मार्कोनीनें अटलांटिकपलीकडील संदेश ज्या नळीनें ऐकला, तीही पाऱ्याचीच होती. ती त्याला इटलीच्या आरमारांतील एका मित्रानें दिली होती. बोसांचें नांव त्या वेळीं कोठें घेतलें गेलें नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें. १९४३ सालीं, मार्कोनीच्या मृत्यूनंतर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच्या एका महत्त्वाच्या पेटंटांतील मुख्य हक्क पूर्वीच्या संशोधकांच्या कामाकडे बोट दाखवून रद्द केले.

आतां अटलांटिकची हकीकत. पृथ्वी वाटोळी असल्यामुळें सरळ जाणाऱ्या लहरी समुद्रापलीकडे पोंचणार नाहींत, असें विद्वान् म्हणत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास पोल्धू येथें मार्कोनीनें वीस उंच खांबांचें कडें उभारलें. तें १९०१ च्या सप्टेंबरांत वादळानें भुईसपाट केलें. घाईघाईनें साधी तारजाळी उभारून तो न्यूफाउंडलंडास गेला. डिसेंबरच्या कडाक्याच्या वाऱ्यांत त्याचा बलून तुटून गेला. अखेर १२ तारखेस पतंगाच्या आधारें सुमारें पांचशें फूट तार आकाशांत नेली, आणि दुपारीं साडेबाराच्या सुमारास कानाशीं धरलेल्या यंत्रांत त्याला तीन टिंबें ऐकूं आलीं. मोर्सच्या लिपींत हें एस् अक्षर. त्यानें यंत्र आपला सहकारी केंप याच्या कानाशीं दिलें; त्यालाही तें ऐकूं आलें. मध्यें दोन हजारांहून अधिक मैल समुद्र होता.

या दोघांच्या कानांवांचून दुसरा पुरावा नव्हता, म्हणून पुष्कळांनीं विश्वास ठेविला नाहीं. भर दुपारीं तशा लहरी तेथवर पोंचाव्या याविषयीं आजचे जाणकारही साशंक आहेत. मार्कोनीनें वाद घातला नाहीं. १९०२ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फिया या आगबोटीवर त्यानें असें यंत्र बसविलें कीं, आलेलें प्रत्येक टिंब कागदाच्या पट्टीवर उमटावें. रात्रीं १५५० मैलांपर्यंत पुरे संदेश व सुमारें २१०० मैलांपर्यंत एस् अक्षर उमटलें. दिवसा मात्र ७०० मैलांपलीकडे कांहींच येईना. आकाशांत विद्युद्भारित थर आहे व तो लहरींस परत खालीं वळवितो, अशी कल्पना त्याच वर्षीं केनेली व हेविसाइड यांनीं मांडली. तिचा प्रत्यक्ष पुरावा ॲपलटन यानें १९२४ सालीं दिला.

दिवसाच्या या अडचणीवर मार्कोनीनें काढलेला तोडगा असा कीं, लहरी अधिक लांब करावयाच्या व शक्ति वाढवावयाची. साऱ्या जगानें त्याचें अनुकरण केलें. शेंकडों किलोवॅटांचीं केंद्रें, मैलोगणती तारा, अफाट खर्च! १९०९ सालीं त्याला ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. १९१२ च्या एप्रिलांत टायटॅनिक बुडाली, त्या रात्रीं मार्कोनी कंपनीचा पंचवीस वर्षांचा नोकर जॅक फिलिप्स शेवटपर्यंत कळ दाबीत बसला आणि बोटीबरोबर गेला. त्याची हांक ऐकून कार्पेथिया ही बोट आली व सुमारें सातशें माणसें वांचलीं. मार्कोनीच्या कीर्तीचा कळस तो हाच. परंतु त्या रात्रीचा मान आम्ही फिलिप्सलाच देऊं.

त्याच वर्षीं अमेरिकेंत कायदा झाला. हौशी लोकांची गडबड नको म्हणून त्यांस दोनशें मीटर व त्याहून आंखूड लहरींवर हांकलून देण्यांत आलें. त्या लहरी व्यापारास निरुपयोगी, अशी सर्वांची समजूत होती. हौशी मंडळी त्या टाकाऊ पट्ट्यांत आपलीं लहान यंत्रें घेऊन बसली. १९२१ च्या डिसेंबरांत त्यांचे अल्पशक्तीचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, शेतांत टाकलेल्या तंबूंत, ऐकूं आले. १९२३ च्या नोव्हेंबरांत सुमारें शंभर मीटरांच्या लहरींवर अमेरिका व फ्रान्स येथील हौशी गड्यांनीं दुहेरी संभाषणही केलें.

मार्कोनीही युद्धकाळांत, १९१६ पासून, आंखूड लहरींकडे पुन्हां वळला होता. १९२३ सालीं तो आपल्या इलेट्रा नांवाच्या नौकेंतून केप व्हर्डे बेटांकडे गेला व पोल्धूहून ९७ मीटरांवर येणारे संदेश ऐकत राहिला. तेथें गेल्यावर त्यानें पोल्धूची शक्ति बारा किलोवॅटांवरून उतरवीत एका किलोवॅटावर आणविली. तरी लांब लहरींच्या अजस्र केंद्रांपेक्षां तो आवाज स्पष्ट होता. ज्या खर्चावर राष्ट्रें व कंपन्या यांनीं पैसा ओतला होता तो वायां होता, आणि त्या वाटेस जगाला लावणारा तो स्वतःच होता. १९२७ सालीं न्यूयॉर्क येथें इंजिनियरांच्या सभेंत त्यानें हें उघड कबूल केलें. लांब लहरींचा दोष आपला, व आपल्या मागोमाग सर्वांनीं गरजेहून शेंकडोंपट मोठीं केंद्रें बांधलीं, अशा आशयाचें तो बोलला. नोबेल मिळालेल्या पन्नाशीच्या गृहस्थास भर सभेंत हें सांगणें सोपें गेलें नसेल.

त्याच वर्षीं आंखूड लहरींचा झोत एकाच दिशेस टाकणारें केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकी येथें सुरू झालें. खडकीहून संदेश इंग्लंडला जात, आणि इंग्लंडहून येणारे दौंड येथें घेतले जात.

दीपस्तंभाची कल्पना त्यानें सोडली नव्हती. स्कॉटलंडांतील इंचकीथ बेटावर त्याच्या कंपनीनें फिरता बिनतारी झोत उभारला होता. निरनिराळ्या दिशांस निरनिराळीं अक्षरें जात, आणि धुक्यांतील खलाशी ऐकूं आलेल्या अक्षरावरून आपली दिशा ओळखी. १९३४ सालीं इटलींत सेस्त्री लेवांते येथें मार्कोनीनें इलेट्राच्या सुकाणूघराच्या खिडक्यांना पडदे लावविले व साठ सेंटिमीटरांच्या लहरींच्या खुणेवर, बाहेर कांहींही न पाहतां, ती दोन तरंगत्या खुणांमधून अचूक नेऊन दाखविली.

पुढचें लिहावें कीं नाहीं, असा आम्हांस प्रश्न पडला होता. पण विद्यार्थ्यांपुढें अर्धें चरित्र ठेवणें प्रामाणिकपणाचें नव्हे. १९२३ सालीं मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचा सभासद झाला. १९३० पासून तो इटलीच्या शाही अकादमीचा अध्यक्ष होता. १९३५ मध्यें इटलीनें ॲबिसीनियावर केलेल्या स्वारीचें त्यानें समर्थन केलें. त्याच्या अध्यक्षपदाच्या काळांत एकाही यहूदी विद्वानास त्या अकादमींत घेण्यांत आलें नाहीं, आणि यहूदी उमेदवारांच्या नांवांपुढें केलेल्या खुणा पुढें दप्तरांत सांपडल्या. विज्ञानांतली चूक त्यानें चारचौघांत कबूल केली. ही चूक मात्र केली नाहीं.

२० जुलै १९३७ रोजीं रोम येथें हृदयविकारानें त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशीं इंग्लंडांतील व इतर देशांतील बिनतारी केंद्रें दोन मिनिटें बंद ठेवण्यांत आलीं. त्याचें दफन पोंतेक्यो येथें, ज्या वाड्याच्या माळ्यावर आईसाठीं घंटा वाजली होती त्याच्याच आवारांत, झालें आहे.