मातीचा इंजिनीअर

मित्रांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका मराठी विभागाच्या संपादकांच्या नावावर टाकाव्यात!

दिवाळीच्या सुट्टीत गावच्या घरी मागच्या खोलीचं काम काढलं होतं. भिंती मातीच्या. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी त्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता. आत ओल अडकली आणि पापुद्रे सुटून पडले. बाबा पुन्हा सिमेंटच मारणार होते. मी म्हटलं, मातीचा गिलावा करू, आम्हाला सॉईल मेकॅनिक्स आहे. चाळलेल्या मातीचा छान लोण्यासारखा चिखल केला, भिंतीवर लावला, आणि तिसऱ्या दिवशी भिंत उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी तडकली. आजी पदर तोंडाला लावून हसत होती. नुसती चिकणमाती वाळताना आकसते, वाळू आणि तूस घातल्याशिवाय धरत नाही, हे तिला सॉईल मेकॅनिक्सशिवाय ठाऊक होतं.

परत आल्यावर लायब्ररीत हसन फतही यांचं पुस्तक हाती लागलं. या माणसाचंही पहिलं मातीचं छत कोसळलं होतं हे वाचलं आणि फार बरं वाटलं.

फतहींचा जन्म 1900 चा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातला. घर श्रीमंत, जमीनजुमला भरपूर, पण वडील शेताकडे फिरकायचे नाहीत. मुलाने शेती पाहिली ती आगगाडीच्या खिडकीतून. त्याला शेतकी कॉलेजात जायचं होतं, पण प्रवेश परीक्षेत नापास झाला! (इथे नाईलाजाने आलेल्यांनी नोंद घ्यावी.) मग आर्किटेक्चर. 1926 मध्ये डिग्री घेतली. त्यानंतर घरच्या शेतावर प्रथमच गेला आणि आपल्याच कुळांच्या झोपड्या पाहून हादरला.

तिथल्या शेतकऱ्याकडे पैसा नव्हता, लाकूड नव्हतं, लोखंड तर नव्हतंच. पायाखाली नाईलचा गाळ मात्र हवा तेवढा. त्याच्या विटा आणि भिंती सगळेच करत होते. अडत होतं ते छताशी. महायुद्ध सुरू झाल्यावर लाकूड आणि स्टील मिळेनासं झालं, तेव्हा फतहींनी विटांच्याच कमानीचं छत करून पाहिलं. ते कोसळलं. तेव्हा आस्वानला काम करणाऱ्या भावाने सांगितलं की नूबियातले लोक असली छतं सेंटरिंगशिवाय बांधतात. 1941 मध्ये फतही तिकडे गेले.

आता इथे सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्या. नूबियाचा गवंडी आधी खोलीची मागची भिंत उंच बांधतो. तिच्यावर चिखलाने कमानीचा आकार काढतो, तो नुसत्या नजरेने. मग विटांची पहिली रांग त्या भिंतीला तिरपी टेकवतो. दुसरी रांग पहिलीवर टेकते, तिसरी दुसरीवर. विटा पातळ, त्यात तूस जास्त म्हणून हलक्या, आणि अंगावर बोटांनी ओढलेल्या खाचा, म्हणजे चिखल धरतो. खाली एकही बल्ली नाही! दोन गवंडी एका खोलीचं छत दीड दिवसात पुरं करत. आकार जवळपास पॅराबोला, त्यामुळे स्वतःच्या वजनाने विटेवर फक्त दाब येतो, ताण येत नाही. आणि माती ताणालाच तर कच्ची. आम्ही हे बोर्डावर शिकलो. त्यातले बहुतेक गवंडी शाळेत गेलेले नव्हते.

1945 मध्ये फतहींना मोठं काम मिळालं. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, गुरना गावाचे लोक प्राचीन थडग्यांवर घरं बांधून राहत. त्यातल्या वस्तू विकणं हा अनेकांचा धंदाच. एका थडग्यातलं कोरीवकाम चोरीला गेलं आणि सरकारने गावच हलवायचं ठरवलं. कुटुंबं नऊशेच्या आसपास, जागा 50 एकर. फतहींनी नूबियाचे गवंडी आणले, मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह सगळं मातीत उभं केलं. सगळी घरं एका छापाची नकोत, प्रत्येक कुटुंबाचं वेगळं हवं, हा त्यांचा हट्ट.

पण लोकांना यायचंच नव्हतं. पोट जिथे भरतं ते घर कोण सोडणार? शिवाय घुमट हा थडग्यावर असतो, राहत्या घरावर नाही, असंही त्यांना वाटे म्हणतात. कुणीतरी बांध फोडून नव्या गावात पाणी सोडलं. वरून सरकारी खात्यांची दिरंगाई. 1948 च्या सुमारास काम थांबलं, गावाचा थोडाच भाग झाला होता.

मला वाटतं चूक फतहींचीही होती. मातीचा स्वभाव त्यांनी फार बारकाईने ओळखला, गुरनाच्या माणसांना मात्र उशिरा ओळखलं. पण हा माणूस लपवालपवी करत नाही. सगळं अपयश त्याने 1969 मध्ये पुस्तकात मांडलं. 1973 मध्ये ते शिकागोहून ‘आर्किटेक्चर फॉर द पूअर’ नावाने निघालं आणि जगभर गेलं. ज्याचं गाव अर्धवट राहिलं त्याला त्याच गावाच्या गोष्टीने नाव मिळवून दिलं! 1980 मध्ये ‘राईट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला, म्हणजे लोक ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात तो. शेवटची वर्षं कैरोतल्या एका जुन्या वाड्यात मांजरांच्या संगतीत गेली. 1989 मध्ये ते वारले.

जुन्या गुरनाचे लोक 2006 नंतर अखेर हलवले गेले, बुलडोझर लावून, आणि तेही तिसऱ्याच जागी. फतहींच्या गावातली बरीच मातीची घरं पाडून तिथे काँक्रीट आलं. मशीद आहे, तिची दुरुस्तीही झाली.

आमच्या खोलीचा दुसरा गिलावा आजीच्या मापाने झाला. एका कोपऱ्यात बारीक तडा आहे. तो कोपरा मी लावलेला.