फाळकेंचा पहिला हिरो होता वाटाणा!

दादासाहेब फाळके म्हटलं की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्याआधी त्यांनी चक्क वाटाण्यावर फिल्म बनवली होती.

साल 1912. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळकेंनी चाळिशी ओलांडली होती. छपाईचा धंदा सुटलेला, सतत सिनेमे बघून डोळे अधू होऊन कसेबसे बरे झालेले आणि विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनहून कॅमेरा आणलेला. आता सिनेमासाठी पैसे कोण देणार?

फाळकेंनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि कित्येक दिवस रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र बी रुजून वेल वर चढायला जेमतेम मिनिटभर लागलं. तुमच्या फोनमधला टाइम-लॅप्स तो हाच! ही 'अंकुराची वाढ' पाहून एक सावकार कर्ज द्यायला तयार झाला. तरी पैसे पुरेनात, म्हणून पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पौराणिक सिनेमांनी नाव झालं, पण समजावून सांगायची हौस काही सुटली नाही. 1917 मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरच लघुपट काढला. बोलपटांच्या काळात मागे पडलेले फाळके 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये वारले. त्या लघुपटाचे उरलेले तुकडे आजही बघता येतात आणि त्यात कामात गढलेले फाळके स्वतः दिसतात.