अण्णा भाऊ साठे : लोकस्मृतीचा शाहीर

इतिहास दोन ठिकाणी जपला जातो. एक सरकारी दप्तरात आणि दुसरा माणसांच्या तोंडी. दप्तरात ज्याची नोंद दरोडेखोर अशी होते, तोच लोकांच्या आठवणीत अन्नदाता असू शकतो. हा दुसरा इतिहास साहित्यात आणणाऱ्यांत शाहीर अण्णा भाऊ साठे अग्रभागी आहेत.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. ब्रिटिश कायद्याने त्या काळी संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरविली होती. शाळा त्यांना दीड दिवसाचीच लाभली असे सांगतात. पुढे आईवडिलांबरोबर ते पायी मुंबईला गेले. तेथे पडेल ते काम केले, गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कँपात राहिले आणि कामगार चळवळीत शाहीर झाले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

पोवाडा हा मुळात राजे आणि सरदार यांच्या पराक्रमाचा. अण्णा भाऊंनी डफ आणि चाल तीच ठेवली, पण नायक बदलला. स्टालिनग्राडची झुंज, १९४३ चा बंगालचा दुष्काळ, अमळनेरला १९४६ साली गोळीबारात पडलेले गिरणी कामगार, फाळणीच्या वेळचे पंजाब-दिल्लीतील दंगे हे त्यांच्या पोवाड्यांचे विषय झाले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या कामगारालाही दूरच्या माणसाचे मरण आपल्या घरचे वाटावे, ही त्या शाहिरीची ताकद होती.

१९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. १९६१ साली या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. वारणेच्या खोऱ्यात आणि स्वतःच्या घरात ऐकलेल्या गोष्टींतून ती घडली. हजेरी, उपासमार, तुरुंग हे सारे तीत आहे. परंतु अण्णा भाऊंचा माणूस नुसता दयेचा विषय होत नाही. तो भुकेल्यांसाठी धान्य लुटतो, अंगावर येणाऱ्या सत्तेला सामोरा जातो. अत्याचाराची आठवण सांगताना त्यांनी माणसाची मान खाली जाऊ दिली नाही, हेच त्यांचे मोठेपण.

१८ जुलै १९६९ रोजी हालअपेष्टांत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आधीच्या पिढ्यांनी काही लिहून ठेवले नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. आपल्यापैकी अनेकांची हीच कथा असेल. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळ्या चालल्या. ते पाहिलेली माणसे आता क्वचितच उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली मात्र घरोघरी आहेत. दीड दिवस शाळा शिकलेल्या माणसाने ऐकलेले जपले. आपल्या हाती तर वही आहे, लेखणी आहे. तेव्हा या सुटीत घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसू या, आणि ती सांगतील ते लिहून घेऊ या.