अडकलेल्या तबकडीचे संगीत : पिएर शेफेर

ग्रामोफोनची तबकडी जुनी झाली की सुई एकाच खाचेत घोटाळत राहते आणि गायकाच्या तोंडची तीच अर्धी ओळ पुनःपुन्हा कानी येऊ लागते. ज्या घरांत तबकड्या वाजत, त्या घरांना हा अनुभव नवा नाही. मग कोणीतरी उठून सुई हलकेच पुढे सरकवी आणि गाणे मार्गाला लागे. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणी केंद्रातील एका अभियंत्याने सुई सरकवली नाही. त्याने ती खाच मुद्दाम बंद करून घेतली, तोच तुकडा फिरत राहू दिला आणि तो कान देऊन ऐकत बसला. पिएर शेफेर हे त्याचे नाव. मिळेल तो आवाज मुद्रित करावा, त्याचे तुकडे करावेत, ते फिरवावेत, उलटावेत, जोडावेत आणि त्यातून संगीत रचावे, ही रीत आज चित्रपटांच्या पार्श्वसंगीतापासून तरुणांच्या नृत्यगृहांपर्यंत सर्वत्र रुळली आहे. तिच्या उगमाचा शोध घेत गेले की वाट या गृहस्थांच्या दारी येऊन थांबते. मात्र खुद्द त्यांना उतारवयात आपला डाव फसला असेच वाटत राहिले.

शेफेर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९१० रोजी ईशान्य फ्रान्समधील नान्सी या शहरी झाला. वडील व्हायोलिनवादक, आई गायिका. घरात संगीत असूनही, किंवा असल्यामुळेच म्हणा, मुलाने संगीतावर पोट भरू नये अशी आईवडिलांची इच्छा होती. कलेच्या भरवशावर संसार चालत नाही ही चिंता आपल्याकडच्याच वडीलधाऱ्यांना असते असे नाही. मुलगा पॅरिसच्या ‘एकोल पोलितेक्निक’ या नामांकित संस्थेत शिकून अभियंता झाला. १९३४ साली स्ट्रासबुर्ग येथे दूरसंचार खात्यात त्याला नोकरी लागली आणि १९३६ साली तो पॅरिसच्या नभोवाणीत आला. संगीताची ओढ आणि यंत्रांची जाण एकाच माणसात, आणि तो माणूस नेमका ध्वनिक्षेपकापाशी, असा योग जुळून आला.

महायुद्धाच्या काळात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. त्या दिवसांत, नाट्यकर्मी झाक कोपो यांच्यासह घेतलेल्या एका अभ्यासवर्गातून, शेफेर यांनी ‘स्तुदिओ देसे’ ही नभोवाणीची प्रयोगशाळा उभी केली. बाहेरून पाहता ती नाट्यप्रयोगांची जागा होती; आत मात्र मुक्तीच्या दिवसाची गुप्त तयारी चालली होती. २४ ऑगस्ट १९४४ च्या रात्री मित्रसैन्याची पहिली तुकडी शहरात शिरली, तेव्हा शेफेर यांनी नभोवाणीवरून ती वार्ता दिली आणि शहरातील धर्मगुरूंना चर्चच्या घंटा वाजवण्याचे आवाहन केले. थोड्याच वेळात अंधाऱ्या पॅरिसवर घंटानाद घुमू लागला. केवळ आवाजाने एक शहर कसे हलते, हे त्या रात्री त्यांनी अनुभवले.

पुढे चारच वर्षांनी त्यांनी घंटेवर जो प्रयोग केला, तो वरकरणी पोरखेळ वाटावा असा आहे. देवळातील घंटा आठवावी. आधी टोल पडतो आणि मग त्याचे अनुरणन विरत जाते. शेफेर यांनी मुद्रणातून टोलाचा आघात वगळला आणि केवळ मागील अनुरणन तबकडीवर घेतले. त्याचा विरत जाणारा जोरही त्यांनी यंत्राने सावरून धरला. आता ती घंटा राहिलीच नव्हती. एखादे सुषिर वाद्य फुंकावे तसा तो स्वर लागला होता. नादाची ओळख त्याच्या आरंभात फार मोठ्या प्रमाणात दडलेली असते, हे त्यांच्या ध्यानात आले. आरंभ काढून घेतला की कान नाव विसरतो आणि निव्वळ नाद ऐकू लागतो.

त्याच वसंत ऋतूत मुद्रणयंत्रे घेऊन ते बातिन्योल येथे रेल्वेच्या इंजिनांपाशी गेले. शिट्ट्या, वाफेचे फूत्कार, चाकांचा रुळांवरील खडखडाट असे सारे त्यांनी टिपून आणले. पण स्टुडिओत ऐकताना एक अडचण उभी राहिली : रेल्वे ऐकली की रेल्वेच दिसते! स्टेशन दिसते, निरोप दिसतो, प्रवास दिसतो. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. रात्रीच्या गाडीची शिट्टी आपल्याला नुसती शिट्टी म्हणून कधी ऐकू आली आहे? शेफेर यांना मात्र गोष्ट सांगायची नव्हती, त्यांना संगीत हवे होते. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी बंद खाच वापरली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका फेऱ्याचा अवधी पाऊण सेकंदाहून किंचित अधिक असतो. तेवढा तुकडा पुनःपुन्हा फिरू लागला की काही वेळाने गाडी पुसट होते आणि उरते ती लय. आपल्याकडे ठेक्याच्या आवर्तनात बोल जसे शब्द न राहता चाल होतात, त्याच जातीचा हा अनुभव असावा.

या खटाटोपातून पाच लहान रचना झाल्या. एक रेल्वेची, एक गरगर फिरणाऱ्या खेळण्यांची, दोन पियानोच्या मुद्रणांवर बेतलेल्या, आणि पाचवी चक्क स्वयंपाकघरातील पातेल्यांची, तीत कालव्यातील नौका आणि माणसांचे आवाजही मिसळलेले. पियानोच्या रचनांसाठी वादन करणारा तरुण पुढे विख्यात झालेला पिएर बूलेझ होता. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ‘गोंगाटाची मैफल’ अशा अर्थाच्या नावाने हा कार्यक्रम नभोवाणीवरून प्रसारित झाला. नोटेशन नाही, वादक नाहीत, रंगमंच नाही. होत्या त्या फक्त तबकड्या. कागदावरील अमूर्त चिन्हांपासून आरंभ न करता प्रत्यक्ष नादापासून केलेली रचना म्हणून शेफेर यांनी या प्रकाराला ‘मूर्त संगीत’ असे नाव दिले.

पुढे त्यांना पिएर आंरी हा तरुण सहकारी लाभला. पावले, श्वास, कुजबुज, दारावरील थापा अशा एकाकी माणसाच्या आवाजांतून दोघांनी एक सिंफनी रचली आणि १८ मार्च १९५० रोजी ती पॅरिसमध्ये श्रोत्यांपुढे ठेवली. १९५१ पासून ध्वनिफीत हाती आली. फितीचे टोक टोकाला चिकटवले की बंद खाचेचे काम अधिक सुलभ होई. झाक पुलँ या तंत्रज्ञाने अशी फीत पट्टीवरील बारा स्वरांच्या वेगांनी फिरवणारे यंत्र बनवले. पातेल्याचा एक ठोका त्यावर पेटीसारखा वाजवता येई. मेसियां, श्टॉकहाउझेन, व्हारेझ असे मोठमोठे रचनाकार या स्टुडिओत येऊन काम करून गेले. काही जण टीका करीतच गेले. स्वभावाने शेफेर हट्टी व कडक होते, त्यामुळे फार थोड्यांशी त्यांचे शेवटपर्यंत जमले. १९५३ साली जर्मनीतील डोनाउएशिंगेन येथे त्यांच्या व आंरी यांच्या ‘ऑर्फे’ या प्रयोगाची श्रोत्यांनी हुर्यो उडवली. त्यानंतर काही वर्षे ते फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींतील नभोवाणी उभारण्याच्या कामात होते. १९५८ साली आंरीही निघून गेले.

मला स्वतःला शेफेर यांच्या रचनांहून त्यांचा १९६६ सालचा नादवस्तूंवरील प्रचंड ग्रंथ मोठा वाटतो. दार करकरले, बासरी वाजली, पाऊस पडला, तरी प्रत्येक नाद ही स्वतंत्र वस्तू आहे असे मानून त्यांनी नादांचे पोत, जडपणा, घडण यांनुसार वर्गीकरण मांडले. पायथागोरसचे शिष्य म्हणे पडद्याआडून गुरूंचे बोलणे ऐकत, म्हणजे चेहरा पाहण्यात मन गुंतू नये. नभोवाणी हाही तसाच एक पडदा आहे, हे त्यांनी ओळखले. ऐकण्याच्या क्रियेचे त्यांनी चार प्रकार केले. आवाज नुसता कानी पडणे. तो कशाचा हे जाणण्यासाठी कानोसा घेणे. आवडीने निवडून कान देणे. आणि त्याचा अर्थ उमजणे. मराठीत या चारही क्रियांना वेगळे शब्द आहेत, याचे तो ग्रंथ चाळताना राहून राहून कौतुक वाटते.

१९६० ते १९७४ या काळात ते फ्रेंच नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. १९६८ साली त्याच विभागातून ‘शादोक’ ही विचित्र पक्ष्यांची व्यंगचित्रमालिका निघाली आणि तिने साऱ्या फ्रान्सला दोन तटांत विभागले. त्याच वर्षापासून ते पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकवूही लागले.

आणि तरी, १९८६ सालच्या एका मुलाखतीत त्यांनी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब फार निर्दयपणे मांडला. सा-रे-ग-मच्या पलीकडे, म्हणजे त्यांच्या दो-रे-मीच्या पलीकडे, संगीत सापडेल या आशेने आपण वर्षे खर्ची घातली. तिथे काही नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या सुमारास आवाजाचे तुकडे साठवून पट्ट्यांवर वाजवणारी यंत्रे तरुणांच्या हाती येऊ लागली होती आणि त्यांच्या बंद खाचेची आवर्तने लोकप्रिय संगीतात घुमत होती. ही कीर्ती त्यांना आपली वाटली नाही. बाखचे संगीत हा त्यांचा मानदंड होता. त्यापुढे त्यांना आपली पातेली केविलवाणी वाटली असतील तर नवल नाही. पण मानदंडाची निवडच चुकली असे मला वाटते. बाखशी तुलना करायची ती रचनाकाराची; शेफेर यांनी लावलेला शोध श्रोत्याच्या कानाचा होता, आणि त्याला तो ताजवा लागू पडत नाही.

अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाच्या विकाराने त्यांना ग्रासले. १९ ऑगस्ट १९९५ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हांसजवळ त्यांचे निधन झाले, तेव्हा पंच्याऐंशी वर्षे पूर्ण होऊन पाच दिवस झाले होते. १९५८ साली त्यांनी स्थापन केलेली संगीत-संशोधन संस्था पॅरिसमध्ये आजही चालू आहे, आणि १९४८ सालच्या त्या पाच रचना आजही ऐकायला मिळतात. रेल्वेची रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. पहिल्या खेपेला गाडीच ऐकू येते. ती दोनतीनदा तरी ऐकावी.