कौसानीच्या सरलाबेन

आपल्यापैकी बरेच जण नैनिताल-कौसानीची सहल करून आले असतील. बँकेत असताना एलटीसी घेऊन आम्हीही गेलो होतो. पहाटे उठून हिमशिखरांवरचा सूर्योदय बघायचा, १९२९ साली गांधीजी जिथे राहिले तो अनासक्ती आश्रम बघायचा आणि नाश्ता करून पुढे निघायचं, असा सगळ्यांचा कार्यक्रम असतो. त्याच कौसानीत मुलींचा लक्ष्मी आश्रम आहे. तिकडे फार कोणी फिरकत नाही. तो आश्रम काढणाऱ्या बाई जन्माने लंडनच्या होत्या.

त्यांचं मूळ नाव कॅथरीन मेरी हाइलमन. जन्म ५ एप्रिल १९०१. आई इंग्रज, पण वडिलांचं घराणं जर्मन-स्विस. त्यामुळे पहिल्या महायुद्धात वडिलांना स्थानबद्ध केलं गेलं. शाळेत मुलीला वाळीत टाकल्यासारखं झालं, शिष्यवृत्तीही नाकारली गेली. शिक्षण लवकर सुटलं आणि कारकुनी करावी लागली. देशाभिमानाच्या नावाखाली माणसं कशी वागतात ते त्यांनी लहानपणीच सोसलं. पुढे लंडनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांकडून गांधीजींविषयी कळलं आणि जानेवारी १९३२ मध्ये त्या भारतात यायला निघाल्या, त्या परत गेल्याच नाहीत. इथे त्या सरलादेवी, सरलाबेन म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

सुरुवातीला उदयपूरच्या शाळेत काम करून त्या आपल्या वर्ध्याला, सेवाग्रामला आल्या. हाताने काम करता करता शिकायचं, ही 'नई तालीम' त्यांनी तिथे आत्मसात केली. पण मलेरियाने त्यांना पुरतं हैराण केलं. थंड हवेसाठी म्हणून १९४१ मध्ये त्या कौसानीला गेल्या. लगेच बेचाळीसचं आंदोलन आलं. पुरुष तुरुंगात आणि घरची माणसं वाऱ्यावर. सरलाबेन डोंगरातल्या गावोगावी जाऊन या कुटुंबांना मदत करत राहिल्या. त्यासाठी त्यांनाही दोनदा तुरुंगवास घडला.

गावोगाव हिंडताना त्यांनी एक गोष्ट नेमकी हेरली. पहाडातले पुरुष कामधंद्यासाठी खाली मैदानात जातात. शेती, गुरं, पाणी, सरपण, चारा हे सगळं बाईच्या डोक्यावर. म्हणजे जंगल मागे हटलं की त्याचा फटका पहिला तिला बसतो. तेव्हा जंगल वाचवायचं तर आधी मुलीला शिकवायला हवं. १९४६ मध्ये अवघ्या तीन मुलींवर आश्रम सुरू झाला. पुस्तकं होतीच, पण गोठा, खत, भाजीचे वाफे, स्वयंपाक हाही अभ्यासच. बांज म्हणजे तिकडचा ओक. त्याच्या पानांचा चारा होतो, खालच्या मातीत पाणी मुरतं आणि झरे टिकतात. चीड म्हणजे पाइन. त्याचं लाकूड आणि राळ बाजारात विकली जाते, पण बायकांना चाराही मिळत नाही आणि पाणीही. हा फरक डोंगरातल्या मुलीला फळ्यावर समजावून सांगावा लागत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जंगल ही मुद्दल आहे. व्याजावर भागवावं, मुद्दलाला हात लावू नये.

या आश्रमातून नुसत्या शिकलेल्या मुली नाही, कार्यकर्त्या बाहेर पडल्या. विमलाबेन त्यांतल्याच. राजकारण सोडून खेड्यात राहायला तयार असाल तरच लग्न, अशी अट त्यांनी सुंदरलाल बहुगुणांना घातली आणि बहुगुणांनी ती मान्य केली. १९६१ मध्ये उत्तराखंड सर्वोदय मंडळ उभं राहिलं. दारूबंदी, स्त्रियांचं संघटन आणि जंगलावरचा गावाचा हक्क ही त्याची कामं. १९७३ मध्ये चिपको आंदोलन सुरू झालं आणि १९७४ मध्ये रेणी गावात गौरादेवी व त्यांच्या सोबतिणी झाडांच्या आड उभ्या राहिल्या. त्या काळात डोंगरात राबणाऱ्या सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या मागे सरलाबेन होत्या. वर्तमानपत्रांत नावं मात्र दुसऱ्यांची आली.

मला सगळ्यात जास्त भिडली ती १९६६ सालची गोष्ट. वीस वर्षं वाढवलेला आश्रम सरलाबेननी राधा भट्ट या आपल्याच तिशीतल्या विद्यार्थिनीच्या हाती सोपवला आणि स्वतः बाहेर पडल्या. बिहारमध्ये भूदानाचं काम केलं, पुढे चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांच्या कुटुंबांत काम केलं. शेवटी धरमघरला एका छोट्या घरात राहून लिहीत राहिल्या. १९७९ मध्ये त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. ८ जुलै १९८२ रोजी त्या गेल्या. अंत्यसंस्कार लक्ष्मी आश्रमातच झाले. आश्रम आजही चालू आहे.

आपली सोसायटीही पंचवीस वर्षांची झाली. निवडणूक आली की तीच ती पाच-सात नावं पुढे येतात, त्यात माझंही. तरुण मंडळी पुढे येत नाहीत ही आपली नेहमीची तक्रार. पण आपण कधी जागा सोडून उठतो का? आवारातल्या झाडांच्या फांद्या छाटायच्या की नाही हे आपण मीटिंगमध्ये ठरवतो आणि मुलांना त्या झाडांची नावंही ठाऊक नसतात. या पावसाळ्यात एकेका मुलाकडे एकेक झाड सोपवू या आणि पुढच्या समितीत निम्म्या जागा तिशी-चाळिशीतल्यांना देऊ या. हिशोब तपासायला माणूस लागला तर हाक मारा, मी दुसऱ्या मजल्यावरच आहे.