रेषेबाहेर गेलेला चेंडू : डॉ. जेम्स नेस्मिथ यांची हकीकत

शहरांतील शाळांच्या पटांगणांत दोन उंच खांबांस लोखंडी कडीं बसवून मुलें बास्केटबॉल नांवाचा खेळ खेळतात, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. एका पक्षानें चेंडू कड्यांतून खालीं पाडला, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा एक गडी तो उचलून मैदानाच्या टोकाच्या रेषेपलीकडे जातो, व तेथून आपल्या सोबत्याकडे आंत टाकतो. या कामास त्याला पांच सेकंद मिळतात. पाहणाऱ्याचें लक्ष तिकडे क्वचितच जातें. तथापि बाहेरचा चेंडू आंत कोणीं आणावा हा तंटा मिटण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. आणि ज्या गृहस्थांनीं हा खेळ काढिला, त्यांनीं तो दांडगाई टळावी म्हणूनच काढिला होता.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील आल्मोंट गांवाजवळ झाला. १८७० सालीं आईबाप दोघेही विषमज्वरानें वारले, व पोरक्या मुलांस मामानें वाढविलें. मध्यंतरीं शाळा सोडून जेम्स रानांत लांकूडतोडीचें काम करीत होते. मागाहून त्यांनीं पुनः पुस्तकें हातीं घेतलीं, आणि १८८७ सालीं मॅक्गिल विद्यापीठाची पदवी व १८९० सालीं माँट्रियल येथें ईश्वरविज्ञानाचा अभ्यास पुरा केला. उपदेशक होणार, हें घरीं सर्वांनीं धरून ठेविलें होतें.

परंतु त्यांस फुटबॉलचा नाद होता. एकदां खेळतांना शेजारच्या गड्याच्या तोंडून शिवी निघाली, व जेम्स जवळ आहेत हें लक्षांत येतांच त्यानें ओशाळून क्षमा मागितली. जेम्स त्यास कधीं एक शब्दही बोलले नव्हते. उपदेशपीठावरून होतें तसें काम मैदानांतही होऊं शकेल, असें तेव्हां त्यांच्या मनानें घेतलें, आणि ते अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत गेले. त्यांची बहीण अ‍ॅनी हिला हें नांगरास हात घालून मागें पाहणें वाटलें, व तिनें त्याबद्दल भावास कधींच क्षमा केली नाहीं, असें सांगतात.

१८९१ च्या हिंवाळ्यांत तेथें अठरा तरुणांचा एक वर्ग कोणास आवरेना. बाहेर बर्फ, आणि आंतील कवाइतीस मुलें कंटाळलेलीं. मुख्य शिक्षक ल्यूथर गुलिक यांनीं नेस्मिथ यांस चौदा दिवसांत नवा खेळ काढावयास सांगितलें. बाहेरचे खेळ छपराखालीं आणून पाहिले, तर गडी दुखावूं लागले. मग त्यांनीं दांडगाईचें मूळ शोधिलें. चेंडू घेऊन धांवणारास पाडावें लागतें. म्हणून चेंडू घेऊन धांवणेंच बंद केलें. लक्ष्य समोर असलें कीं चेंडू जोरानें फेंकला जातो. म्हणून तें डोक्यावर, आडवें ठेविलें. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर सज्जाच्या कठड्यास ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि २१ डिसेंबर १८९१ रोजीं पहिला सामना झाला. त्यांत एकदांच चेंडू टोपलींत पडला.

नववा नियम बाहेर गेलेल्या चेंडूचा होता. जो त्यास प्रथम हात लावील त्यानें तो आंत टाकावा. पांच सेकंदांहून अधिक वेळ धरून ठेविल्यास तो विरुद्ध पक्षास जावा. वाद पडल्यास पंचानें सरळ आंत फेंकावा. हा नियम साधा दिसतो, पण त्यांतच चूक होती असें आम्हांस वाटतें. जो आधीं गांठील त्याचा चेंडू, म्हटल्यावर रेषेबाहेर झोंबाझोंबी होणारच. एकदां चेंडू वर सज्जांत गेला, तेव्हां गडी अरुंद जिन्यांत एकमेकांस ओढूं लागले. तोंच दुसऱ्या पक्षानें आपल्या एका गड्यास खांद्यावर उचलून सज्जावर चढविलें! १९१३ सालीं नियम पालटला : ज्याचा हात चेंडूस शेवटीं लागला, त्याच्या विरुद्ध पक्षानें तो आंत टाकावा. मग धांवून कांहींच लाभ राहिला नाहीं.

टोकाच्या रेषेवरून चेंडू टाकण्याची आजची रीत याहूनही अलीकडची. पूर्वीं प्रत्येक गोलानंतर चेंडू मध्यभागीं नेऊन वर उडवीत. अमेरिकेंत १९३७ सालीं ही चाल बंद झाली, व ज्या पक्षावर गोल झाला त्यास टोकाची रेषा मिळाली. त्या वेळीं टाकणारा रेषेमागें हवा तसा इकडेतिकडे धांवूं शकतो, किंवा रेषेमागेंच उभ्या सोबत्याकडे चेंडू देऊं शकतो. इतर वेळीं मात्र पंचानें दाखविलेल्या जागेवरूनच टाकावा लागतो. टाकण्यापूर्वीं पाय आंत पडतां कामा नये. दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाल्याखेरीज टाकणारानें आंत येऊन चेंडू स्वतः धरूं नये. आणि अडविणारानेंही रेषेपलीकडे हात घालूं नये.

नेस्मिथ १८९८ सालीं वैद्यकीची पदवी घेऊन कॅन्सस विद्यापीठांत गेले. तेथें त्यांच्या हाताखालीं विद्यापीठाच्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळ काढणाराच हरला, याची लोकांस मौज वाटते. १९१६ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, व मेक्सिकोच्या सरहद्दीवर ते पलटणीचे पाळक होते. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ प्रथम घेतला गेला, तेव्हां ते हजर होते. शेवटचा सामना उघड्यावर, पावसाच्या चिखलांत झाला, चेंडू उसळेना. त्यांच्या जन्मभूमीस त्यांच्या दुसऱ्या देशानें १९ विरुद्ध ८ असें हरविलें. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लॉरेन्स गांवीं ते निवर्तले; टोकाच्या रेषेची नवी रीत सुरू होऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं.